उप्साला विद्यापीठातील प्रांतसंघ : बंदी, सक्ती आणि ऐच्छिकता

स्वीडनमधील उप्साला विद्यापीठात विद्यार्थ्यांच्या तेरा जुन्या संस्था आहेत. स्वीडिश भाषेत त्यांना ‘नेशन’ असे म्हणतात. स्टॉकहोल्म, उपलंड, स्मोलंड, वेर्मलंड, काल्मार, गॉटलंड, नॉरलंड अशी देशाच्या निरनिराळ्या भागांची नावे त्यांनी धारण केलेली आहेत. या शब्दाचे ‘राष्ट्र’ असे सरळ भाषांतर केल्यास मात्र वाचकाची दिशाभूल होईल. ‘नात्सियो’ या लॅटिन शब्दाचा संबंध जन्माशी आहे, आणि एकाच मुलखात जन्मलेल्या लोकांचा समूह एवढ्याच अर्थाने मध्ययुगीन विद्यापीठांतून तो वापरला जात असे. जुन्या मराठीत ‘देश’ हा शब्द एखाद्या मुलखापुरता ज्या अर्थाने योजीत, त्याच्याशी हा अर्थ अधिक जुळतो. म्हणून प्रस्तुत लेखात या संस्थांस ‘प्रांतसंघ’ असे म्हटले आहे.

या प्रांतसंघांविषयी लिहिताना त्यांची परंपरा बोलोन्या व पॅरिस येथील मध्ययुगीन संघांपर्यंत नेऊन भिडविण्याचा प्रघात आहे. शब्दापुरता तो रास्त आहे. बोलोन्यात आल्प्स पर्वताच्या अलीकडचे आणि पलीकडचे अशी विद्यार्थ्यांची विभागणी होती. पॅरिसमध्ये फ्रेंच, नॉर्मन, पिकार्ड आणि इंग्लिश असे चार संघ होते, आणि तेथे शिकावयास जाणारे स्वीडिश विद्यार्थी यांपैकी इंग्लिश संघात मोडत असत. उप्साला, लिंकेपिंग व स्कारा या धर्मप्रांतांनी पॅरिसमध्ये आपापल्या विद्यार्थ्यांसाठी निवासही उभारले होते. या संघांना विद्यापीठाच्या कारभारात मताधिकार असे व त्या मतांना केवढे मोल होते हे प्रागच्या उदाहरणावरून दिसते. तेथे १४०९ मध्ये राजाज्ञेने बोहेमियन संघाला तीन मते व उरलेल्या तीन संघांना मिळून एक मत देण्यात आले. त्याबरोबर जर्मन अध्यापक व विद्यार्थी प्राग सोडून गेले आणि लाइपत्सिगचे विद्यापीठ जन्मास आले.

परंतु उप्सालाचे प्रांतसंघ या परंपरेचे थेट वारस नव्हेत. उप्साला विद्यापीठाची स्थापना आर्चबिशप याकोब उल्व्हसन यांच्या पुढाकाराने आणि पोप सिक्स्टस चौथा याच्या आज्ञापत्राने १४७७ मध्ये झाली. ही संस्था लहान होती, आणि सोळाव्या शतकात धर्मसुधारणेच्या धामधुमीत ती जवळजवळ नामशेष झाली. १५९३ च्या उप्साला धर्मसभेने तिच्या पुनरुज्जीवनाचा निर्णय घेतला व १५९५ मध्ये तिला नव्याने सनद मिळाली. आज दिसणारे प्रांतसंघ या दुसऱ्या जन्मानंतरचे आहेत, आणि त्यांच्या उदयाची कारणे सतराव्या शतकातील स्वीडिश राज्याच्या गरजांत शोधावी लागतात.

त्या शतकात स्वीडन हे युरोपातील एक प्रबळ राज्य बनत होते. युद्धे चालविणाऱ्या राज्याला कारकून, न्यायाधीश आणि वकिलातींतील अधिकारी हवे असतात. ल्यूथरपंथी राज्याला तर प्रत्येक खेड्यातील चर्चसाठी शिकलेला धर्मोपदेशकही हवा असतो. गुस्ताव्ह अडोल्फ याने १६२४ मध्ये आपल्या घराण्याच्या वारशातील तीनशेहून अधिक शेतवाड्या विद्यापीठास कायमच्या दान दिल्या. त्याच सुमारास धर्मप्रांतांच्या मुख्य ठिकाणी उच्च पाठशाळा निघू लागल्या. त्यांना तिकडे जिम्नॅशियम म्हणत. व्यायामाशी त्यांचा संबंध नव्हता. यांपैकी पहिली १६२३ मध्ये वेस्टेरोस येथे निघाली. या पाठशाळांतून शिकून पाद्र्यांचे, शेतकऱ्यांचे, लहान व्यापाऱ्यांचे मुलगे उप्सालात येऊ लागले. घरची स्थिती बेताची, शहर अनोळखी, शिकविण्याची भाषा लॅटिन, आणि आयुष्याचे ध्येय बहुधा एकच, की शिक्षण संपवून आपल्याच धर्मप्रांतात परत जावयाचे आणि तेथे उपदेशकाची किंवा शिक्षकाची जागा मिळवावयाची. एकाच पाठशाळेतून आलेली, एकाच बिशपच्या कृपेवर भवितव्य अवलंबून असलेली ही मुले परक्या गावी एकत्र राहिली नसती तरच नवल. प्रांतसंघांच्या सीमा पाहिल्या की ही गोष्ट स्पष्ट होते. वेस्टमनलंड-दालार्ना हा संघ वेस्टेरोसच्या धर्मप्रांताशी, एस्टरयेटलंडचा संघ लिंकेपिंगच्या, वेस्टरयेटलंडचा स्काराच्या आणि सेडरमनलंड-नेर्के हा स्ट्रेंगनेसच्या धर्मप्रांताशी स्थूलमानाने जुळतो. प्रांतसंघ म्हणजे विद्यापीठाच्या गावात येऊन पोहोचलेला धर्मप्रांतच होय, असे म्हटले तर ते फारसे चुकणार नाही.

एकत्र राहण्याची ही प्रवृत्ती स्वाभाविक होती. परंतु तिला जे रूप आले ते जर्मनीतून आले. रोस्टॉक, ग्राइफ्सवाल्ड, विटेनबर्ग इत्यादी विद्यापीठांत स्वीडिश विद्यार्थी जात असत. तेथे त्या काळी एकेका मुलखातील विद्यार्थ्यांची मंडळे होती आणि या मंडळांत ‘पेनालिझम’ नावाची दुष्ट चाल बोकाळली होती. नव्याने आलेल्या विद्यार्थ्याने जवळजवळ वर्षभर जुन्यांची चाकरी करावी, त्यांच्या मद्यपानाचा खर्च सोसावा, मारहाण व अपमान निमूटपणे सहन करावा आणि मुदत संपल्यावर मेजवानी देऊन मोकळे व्हावे, असे तिचे स्वरूप होते. जो आज सोसतो तो उद्या दुसऱ्यास छळतो, यामुळे ती चाल आपोआप टिकून राही. ‘डेपोझित्सियो’ नावाचा प्रवेशविधी यापासून वेगळा होता, कारण तो विद्यापीठाच्या संमतीने होई. नवागताच्या डोक्यावर शिंगे चढवीत, तोंडात सुळे बसवीत, आणि मग करवत, चिमटा, रंधा अशा लाकडी हत्यारांनी ती शिंगे व सुळे काढल्याचा देखावा करीत. रानटी पशूचा सुसंस्कृत विद्यार्थी झाला, हा त्यातील संकेत. हा विधी सार्वजनिक असल्यामुळे त्यावर काही तरी मर्यादा होती. मंडळाच्या बंद खोलीत चालणाऱ्या छळावर ती नव्हती.

उप्सालातील प्रांतसंघ आपापले आरंभवर्ष अभिमानाने सांगतात. वेस्टरयेटलंड व वेस्टमनलंड-दालार्ना हे दोघेही १६३९ हे साल देतात; उपलंड १६४२, स्मोलंड १६४५, स्टॉकहोल्म १६४९, काल्मार १६६३, गोथेनबर्ग १६६७ आणि गॉटलंड १६८१ अशी इतरांची वर्षे आहेत. ज्येष्ठत्वाबद्दलचा हा वाद इतिहासाच्या अभ्यासकाने फार मनावर घेऊ नये. ज्या संस्थेला अद्याप कायदेशीर अस्तित्व नव्हते तिची जन्मतारीख म्हणजे बहुधा शिल्लक राहिलेल्या एखाद्या कागदाची तारीख असते. महत्त्वाचे आहे ते हे, की ही बहुतेक वर्षे तीस वर्षांच्या आतबाहेर एकत्र येतात, आणि ती विद्यापीठाच्या वाढीचीच वर्षे आहेत.

विद्यापीठाच्या चालकांनी या मंडळांकडे प्रथम शत्रुत्वाने पाहिले. प्राध्यापकांच्या कारभारी सभेला, म्हणजे कॉन्सिस्टोरियमला, त्यांत दंगेधोपे, कर्जबाजारीपणा आणि नवागतांचा छळ यांखेरीज काही दिसत नव्हते, आणि तिच्या समजुतीला आधारही होता. सतराव्या शतकाच्या मध्यास ही मंडळे निषिद्ध ठरविण्यात आली. बंदीने काय व्हावयाचे तेच झाले. मंडळे नाहीशी झाली नाहीत. ती केवळ दृष्टीआड गेली. ज्या गरजेतून ती निर्माण झाली होती ती गरज आज्ञापत्राने संपणारी नव्हती.

यानंतर जे घडले त्यातच उप्सालाच्या इतिहासाचे वैशिष्ट्य आहे. जर्मनीतील संस्थानिकांनी व विद्यापीठांनी १६६० च्या सुमारास एकजुटीने पेनालिझमविरुद्ध मोहीम काढली आणि त्या चालीबरोबर मुलखी मंडळांचाही बीमोड केला. उप्सालात त्याच दशकात उलट मार्ग स्वीकारण्यात आला. मंडळांना मान्यता देण्यात आली. मात्र प्रत्येक मंडळावर एक प्राध्यापक ‘इन्स्पेक्टर’ म्हणून नेमण्यात आला, आणि विद्यापीठात नाव दाखल करणाऱ्या विद्यार्थ्याने आपल्या प्रांताच्या संघाचे सभासद झालेच पाहिजे, असा दंडक पडला. काल जे निषिद्ध होते ते आज सक्तीचे झाले. हा बदल उदार बुद्धीने झाला असे समजण्याचे कारण नाही. लपून चालणाऱ्या मंडळापेक्षा नोंदवहीत नाव असलेल्या मंडळावर नजर ठेवणे सोपे असते, एवढाच हिशेब त्यामागे होता. विद्यापीठाने विद्यार्थ्यांचीच संस्था घेतली आणि तिला आपल्या शिस्तीचे हत्यार बनविले.

अशा रीतीने प्रांतसंघाला दुहेरी स्वरूप आले. त्यातील सभासदांच्या तीन पायऱ्या होत्या. नवागत ते ‘रेसेंतियोर’, त्यांच्या वरचे ‘युनियोर’ आणि सर्वांत वरचे ‘सेनियोर’. वरिष्ठांपैकी एकाला ‘क्युरेटर’ निवडीत आणि दैनंदिन कारभार त्याच्याकडे असे. संघाच्या सर्वसाधारण सभेला उप्सालात ‘लांडस्काप’, म्हणजे नुसते ‘प्रांत’, असेच म्हणतात. सभा भरली म्हणजे प्रांतच भरला, ही कल्पना त्या नावात आहे. संघाचा निधी असे. त्यातून आजारी विद्यार्थ्याला मदत मिळे आणि परगावी मेलेल्या सोबत्याची उत्तरक्रियाही होई. पुढे त्यात दानांची भर पडून शिष्यवृत्त्या निर्माण झाल्या आणि ग्रंथसंग्रह उभे राहिले. अठराव्या शतकात संघांतून लॅटिन वादविवादाचे व भाषणाचे सराव चालत. विद्यापीठाच्या सभागृहात परीक्षेसाठी वाद करण्यापूर्वी आपल्या प्रांतातील मित्रांसमोर अडखळण्याची सोय तेथे होती, आणि तिचे मोल विद्यार्थीदशेतून गेलेल्या कोणालाही कळेल. दुसऱ्या बाजूने, विद्यार्थ्याच्या वर्तणुकीचा दाखला प्रांतसंघ देत असे. पुढची वाट गावच्या बिशपकडे जाणारी असल्यामुळे या दाखल्याला फार वजन होते. मदत करणारा हात आणि पाळत ठेवणारा डोळा एकाच देहाचे होते.

या व्यवस्थेच्या दोन्ही टोकांचा अनुभव घेतलेला प्रसिद्ध पुरुष म्हणजे कार्ल लिनेयस. स्मोलंडमधील एका पाद्र्याचा हा मुलगा लुंड येथे एक वर्ष काढून १७२८ मध्ये उप्सालात आला, तेव्हा त्याची सांपत्तिक स्थिती इतकी ओढगस्तीची होती की ओलोफ सेल्सियस या विद्वान धर्मोपदेशकाने आश्रय दिला नसता तर त्याचे शिक्षण चालू राहणे कठीण होते. १७४१ मध्ये तो त्याच विद्यापीठात प्राध्यापक झाला, आणि पुढे स्मोलंड प्रांतसंघाचा इन्स्पेक्टर झाला. वनस्पतींचे वर्गीकरण करणाऱ्या या जगन्मान्य शास्त्रज्ञाकडे आपल्या प्रांतातील मुलांच्या कारभारावर देखरेख ठेवण्याचे कामही होते.

लुंडची कथा थोडी निराळी आहे. १६५८ च्या रोस्किल्ड तहाने स्कोने प्रांत डेन्मार्ककडून स्वीडनकडे आला आणि त्या प्रांताला स्वीडिश वळण लावण्याच्या हेतूने १६६६ मध्ये तेथे विद्यापीठ स्थापण्यात आले. प्रांतसंघ तेथे जवळजवळ आरंभापासून आहेत. स्कोनेचा स्थानिक संघ एकोणिसाव्या शतकात इतका फुगला की १८९० मध्ये त्याची विभागणी करावी लागली. उप्सालात मात्र याच्या उलट घडले होते. उत्तरेकडील विरळ वस्तीच्या प्रदेशांचे लहान लहान संघ १८२७ मध्ये एकत्र येऊन नॉरलंड हा संघ झाला, आणि कालांतराने तो सर्वांत मोठा ठरला.

या संस्थांत राजकीय सामर्थ्य किती होते, याची साक्ष स्वीडनपेक्षा फिनलंडमध्ये अधिक स्पष्ट मिळते. फिनलंड स्वीडिश राज्यात असताना १६४० मध्ये ओबो येथे विद्यापीठ निघाले होते आणि तेथेही असेच प्रांतसंघ होते. १८०९ मध्ये तो देश रशियाच्या ताब्यात गेला. १८२७ च्या आगीत ओबो शहर भस्मसात झाल्यावर १८२८ मध्ये विद्यापीठ हेल्सिंकीस हलविण्यात आले. १८४८ च्या क्रांत्यांनी धास्तावलेल्या झार निकोलस पहिला याच्या राजवटीने १८५२ मध्ये प्रांतसंघ बंद केले आणि विद्यार्थ्यांची विभागणी विद्याशाखांनुसार केली. सतराव्या शतकातील उप्सालाचा अनुभव येथे पुन्हा आला. संघ अनधिकृतपणे चालूच राहिले आणि १८६८ मध्ये त्यांना पुन्हा मान्यता द्यावी लागली. विसाव्या शतकाच्या प्रारंभी तेथील काही संघ फिनिश व स्वीडिश भाषिकांच्या वादात दुभंगले. प्रांत एक असला तरी भाषा दोन असू शकतात, ही गोष्ट जन्मस्थानाच्या तत्त्वाने गृहीत धरली नव्हती.

उप्सालात एकोणिसाव्या शतकात प्रांतसंघांचे रूप पालटू लागले. इन्स्पेक्टरच्या घरी किंवा भाड्याच्या खोलीत भरणाऱ्या सभा हळूहळू संघांच्या स्वतःच्या वास्तूंत भरू लागल्या. निवडणुका, इतिवृत्ते, हिशेबतपासणी, नियमदुरुस्ती यांचे शिक्षण तेथे मिळू लागले. सर्व विद्यार्थ्यांचा एकत्रित संघ १८४९ मध्ये स्थापन झाला. तरी विद्यार्थ्याचे रोजचे जीवन प्रांतसंघाभोवतीच फिरत राहिले. त्या जीवनाची गोड बाजू वेस्टरयेटलंड संघाचा सभासद गुन्नार वेन्नेरबेर्ग याच्या ‘ग्लुंटार्ने’ या युगुलगीतांत आली आहे. तिची कडू बाजू पाहावयाची असेल तर स्ट्रिंडबेर्गच्या १८७७ मधील उप्सालाविषयक कथासंग्रहाकडे वळावे. राजधानीतून आलेल्या या तरुणाला तेथील परंपरा बुरसटलेल्या वाटल्या होत्या. दोन्ही साक्षी एकत्र वाचल्या पाहिजेत. एकीवर विसंबून काढलेले चित्र एकांगी होते.

सक्तीचा एक अनपेक्षित परिणाम याच शतकाच्या उत्तरार्धात दिसून आला. १८७२ मध्ये बेट्टी पेट्टर्सन ही स्वीडनमधील पहिली विद्यार्थिनी उप्साला विद्यापीठात दाखल झाली. ती गॉटलंड बेटावरील विस्बी गावची, म्हणून गॉटलंड प्रांतसंघाची सभासद झाली. विद्यापीठाने ज्याला विद्यार्थी म्हणून स्वीकारले त्याला संघानेही स्वीकारले पाहिजे, या दंडकामुळे कोणास घ्यावे व कोणास वगळावे हा प्रश्न संघापुढे त्या रूपात उभाच राहात नव्हता. जर्मनी व ऑस्ट्रियातील विद्यार्थीसंस्थांशी याची तुलना उद्बोधक ठरते. तेथे जुनी मुलखी मंडळे मोडल्यानंतर पुढे ज्या ऐच्छिक संस्था निघाल्या त्या सभासदांची निवड करीत, आणि शतकाच्या अखेरीस त्यांपैकी अनेकांनी ज्यू विद्यार्थ्यांना दारे बंद केली. ज्या संस्थेला निवडीचे स्वातंत्र्य असते तिला वगळण्याचेही स्वातंत्र्य असते. उप्सालाच्या प्रांतसंघांना ते नव्हते, आणि शिस्तीसाठी लादलेल्या सक्तीचे हे फळ ती लादणाऱ्यांच्या स्वप्नातही नव्हते.

यावरून सक्तीचे सभासदत्व नेहमी औदार्याकडेच नेते असा निष्कर्ष मात्र काढता येत नाही. १७ फेब्रुवारी १९३९ रोजी उप्सालाच्या सर्व विद्यार्थ्यांच्या मध्यवर्ती संघाची सभा ‘बोलहूस’ या इमारतीत भरली. जर्मनीतून पळून आलेल्या काही ज्यू डॉक्टरांना स्वीडनमध्ये प्रवेश देण्याचा प्रस्ताव त्या वेळी चर्चेत होता. या प्रवेशाला विरोध करणारा ठराव सभेने ५४८ विरुद्ध ३४९ मतांनी संमत केला. हा ठराव प्रांतसंघांचा नव्हता, हे खरे. परंतु मध्यवर्ती संघही सक्तीचाच होता आणि म्हणून तो ठराव सर्व विद्यार्थ्यांच्या नावाने जगापुढे गेला. विरोधात मत देणाऱ्या ३४९ जणांना त्या संघातून बाहेर पडण्याचा मार्ग नव्हता. प्रत्येकाला आत घेणारी संस्था प्रत्येकाच्या वतीने बोलूही लागते, आणि तेथे तिचे गुणच दोष ठरतात.

दुसऱ्या महायुद्धानंतर विद्यार्थिसंख्या वेगाने वाढली आणि प्रांतसंघांपुढे निवासाचा प्रश्न प्रामुख्याने आला. अनेक संघांनी विद्यार्थ्यांसाठी घरे बांधली. वेस्टमनलंड-दालार्ना संघाने आपल्या वास्तूसाठी फिनलंडचा विख्यात वास्तुशिल्पी आल्वार आल्टो याला पाचारण केले व ती वास्तू १९६५ मध्ये पूर्ण झाली. याच काळात जन्मप्रांताचे बंधन सैल होत गेले. स्थलांतरामुळे एखाद्या तरुणाचा ‘प्रांत’ कोणता हे सांगणे कठीण झाले, आणि परदेशांतून येणाऱ्या विद्यार्थ्याला तर तो नव्हताच. परिणामी, कोणत्या संघात जावयाचे हे विद्यार्थी स्वतः ठरवू लागला. आज स्कोनेत जन्मलेली मुलगी नॉरलंडच्या संघात असली तर कोणास आश्चर्य वाटत नाही. नाव जन्माचे राहिले आणि तत्त्व निवडीचे आले.

सक्ती मात्र राहिली. संघटनेत सामील न होण्याचे स्वातंत्र्य हाही नागरिकाचा हक्क आहे, हा विचार स्वीडनमध्ये रुजला तरी विद्यार्थिसंघ सार्वजनिक कायद्याखालील संस्था समजले जात असल्याने ते या हक्काच्या कक्षेबाहेर मानले गेले. हा युक्तिवाद अखेरपर्यंत वादग्रस्त होता. फिनलंडने प्रांतसंघांचे सभासदत्व १९३७ मध्येच ऐच्छिक केले होते. स्वीडिश संसदेने हा निर्णय २००९ मध्ये घेतला आणि १ जुलै २०१० पासून विद्यार्थिसंघाचे व त्याबरोबर उप्साला आणि लुंड येथील प्रांतसंघांचेही सक्तीचे सभासदत्व संपुष्टात आले. सुमारे साडेतीनशे वर्षे चाललेला दंडक मोडल्यावर संघही मोडतील, अशी भीती व्यक्त झाली होती. ती खरी ठरली नाही. उप्सालातील तेराही संघ टिकून आहेत, त्यांचे क्युरेटर निवडले जातात, इन्स्पेक्टर हा अजूनही बहुधा प्राध्यापकच असतो आणि सभेला ‘लांडस्काप’ असेच म्हणतात.

इतिहासाच्या अभ्यासकाला मात्र या बदलाची एक किंमत मोजावी लागणार आहे. प्रांतसंघ आपल्या सभासदांची नोंदपुस्तके ठेवीत आले. त्यांत विद्यार्थ्याचे जन्मस्थान, पित्याचा व्यवसाय, विद्यापीठातील काळ आणि पुष्कळदा पुढील आयुष्यातील पद यांचा उल्लेख असतो. एस्टरयेटलंडच्या विद्यार्थ्यांविषयी ओडेन याने १९०२ मध्ये प्रसिद्ध केलेला चरित्रसंग्रह अशाच सामग्रीचे फळ आहे. शेतकऱ्याचा मुलगा पाद्री कसा झाला आणि पाद्र्याचा नातू राज्याच्या नोकरीत कसा शिरला, हे स्वीडनच्या सामाजिक इतिहासातील प्रश्न ज्या साधनांच्या आधारे सोडविता आले त्यांत ही नोंदपुस्तके अग्रगण्य आहेत. त्यांचे मोल त्यांच्या पूर्णतेत होते, आणि ती पूर्णता सक्तीमुळे आली होती. २०१० नंतरच्या नोंदींत ज्यांनी संघात यावयाचे ठरविले त्यांचीच नावे आहेत.